तिनं सांगायला पाहिजे होतं

वैशाख लागला की दोन गोष्टी माझ्या डोक्यात जातात. एक नगरचं ऊन आणि दुसरी आमच्या बैठकीच्या खोलीत रोज संध्याकाळी भरणारी कचेरी. ऊन निदान सहा वाजता उतरतं. कचेरी तेव्हा सुरू होते.

टीव्हीवर खुनाची मालिका लागते आणि आमच्या घरातली सगळी माणसं न्यायाधीश होतात. सून लोणच्याच्या कैऱ्या चिरत बसते, नात रेवा मोबाईलवर बोट फिरवत बसते, आणि या वर्षी त्यांत भर म्हणून माझे धाकटे दीर, दत्तू भाऊजी. गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलेत. डोळ्यांवर काळा चष्मा आहे, डॉक्टरांनी टीव्ही बघू नका म्हणून सांगितलंय, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून नुसतं ऐकतात. ऐकतात आणि निकाल देतात.

परवाची गोष्ट. मालिकेतल्या बाईला नवऱ्याचा रक्ताचा शर्ट सापडला. तिनं तो गुपचूप धुतला, पिळला आणि आतल्या खोलीत वाळत घातला. झालं. सुनेनं कैरी खाली ठेवली. "अगं बावळट, पोलिसांना फोन कर की." रेवा म्हणाली, "किती टॉक्सिक आहे ही, आजी. हिच्यामुळे तो ड्रायव्हर फुकट आत जाणार." शेजारच्या जोशीबाई वाटी परत द्यायला आल्या होत्या, त्या दारातच म्हणाल्या, "असल्या बायकांमुळेच गुन्हे वाढतात." आणि भिंतीकडे तोंड केलेले भाऊजी शांतपणे म्हणाले, "हिनं सांगायला पाहिजे. खरं ते सांगून मोकळं व्हावं माणसानं."

मी उठून आत गेले. कुकर बघते म्हणाले. कुकर लावलेलाच नव्हता.

ओट्याला टेकून उभी राहिले तर नाकात कैरीचा वास यायच्या ऐवजी गुळाचा आला. भाजलेल्या पिठाचा, शेंगदाण्याचा आणि जुन्या पोत्याचा. असं मला वैशाखात होतं. घरात कुणाला सांगत नाही, नाहीतर लगेच शुगर तपासायला नेतात.

लोक बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, पण तो आम्हाला खरा बोचला तो पुढच्या उन्हाळ्यात. तेव्हा मी वीस वर्षांची होते, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. कर्जतकडचं आमचं गाव. विहिरींच्या तळाला पोरं गोट्या खेळायची. जनावरं छावणीला गेलेली, त्यामुळं गोठे रिकामे. आणि गावातली धडधाकट माणसं सगळी रस्त्याच्या कामावर. पुरुषांनी पहारीनं मुरूम खणायचा, फावड्यानं घमेल्यात भरायचा, बायांनी तो डोक्यावरून वाहायचा. म्हाताऱ्यांनी आणि दिवस गेलेल्या बायांनी खडी फोडायची, बोटाला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून. सकाळी सातपासून ते टकटक टकटक चालायचं. अजून कुठं बांधकामावर तसा आवाज आला की माझ्या मानेची शीर ताठते.

भरलेलं घमेलं एकटीला डोक्यावर घेता येत नाही. हे ज्यानं कधी उचललं नाही त्याला कळणार नाही. कमरेपर्यंत येतं, त्यापुढं येत नाही. दोघींनी दोन बाजूंनी धरायचं, एकीनं खाली वाकून चुंबळीवर घ्यायचं, मग तिनं चालू पडायचं आणि दुसरीनं तिसरीची वाट बघायची. "हात लाव गं" एवढं म्हटलं की जी जवळ असेल ती यायची. भांडण झालेली सुद्धा यायची. गिरजाकाकूचं आणि माझ्या सासूबाईंचं बांधावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं, पण घमेल्याला त्या एकमेकींना हात लावायच्या. तोंड दुसरीकडं करून लावायच्या, एवढंच.

दुपारच्या सुट्टीत सुकडी मिळायची. गहू, हरभरा, शेंगदाणे, गूळ असं सगळं भाजून दळलेलं ते सरकारी पीठ होतं. पाण्यात कालवून खायचं किंवा कोरडंच तोंडात टाकायचं. मिलोच्या, म्हणजे त्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरीनं जबडे दुखून आलेल्या माणसाला ते काय वाटायचं, ते आता पिझ्झा मागवणाऱ्या पोरांना सांगण्यात अर्थ नाही. सुकडी वाटायचं काम चंद्रामावशीकडं होतं. ती काही माझी सख्खी मावशी नव्हे. गावात एकटी राहणारी विधवा, एक डोळा जरा बारीक, गुडघे गेलेले. मुरूम वाहणं तिच्यानं होत नव्हतं, म्हणून पंचांनी तिला वाटपावर ठेवलेलं. त्या कामावर तिचं पोट होतं, दुसरं काही नव्हतं. ती मूठ भरून द्यायची आणि मुठीवर परत चिमूटभर टाकायची. ती चिमूट तिची स्वतःची होती, सरकारची नव्हे.

आणि त्याच सुट्टीत बाभळीला ट्रान्झिस्टर टांगला जायचा.

ट्रान्झिस्टर मुकादमाचा, चामडी पिशवीतला. पण तो लावायचा मान आमच्या दत्तू भाऊजींचा, कारण ते मुकादमाचा उजवा हात. बावीस वर्षांचे, केसाला तेल, गळ्यात रुमाल. सोमवारी दुपारी रेडिओवर खुनाची श्रुतिका लागायची, दर आठवड्याला एक भाग. त्या दिवशी भाकरी आधी उरकून घ्यायची आणि बाभळीखाली जागा धरायची. भाऊजी एरियल फिरवत उभे राहायचे आणि खरखर थांबली की हात वर करायचे. शंभर माणूस गप्प व्हायचं.

गोष्ट अशी होती. एका श्रीमंत घरातली थोरली सून. तिच्या देखत तिच्या दिरानं म्हाताऱ्या काकाच्या औषधात काहीतरी मिसळलं. काका मेला. पोलिसांनी घरगड्याला धरलं. सुनेला सगळं माहीत, पण ती बोलेना. पाच आठवडे ती बाई नुसती खिडकीशी उभी राहून उसासे टाकत होती, आणि पाच आठवडे आमच्या कामावर तिच्या नावानं शिमगा चालला होता.

"हिच्या जिभेला काय लकवा झालाय व्हय?"

"गड्याची बायकापोरं न्हाईत का? त्यांचा तळतळाट लागंल हिला."

"मी असते तर भर चौकात वरडून सांगितलं असतं. दीर असू दे न्हाईतर बाप असू दे."

हे शेवटचं गिरजाकाकूचं. आवाज असा की मुरूम खणणारे पण पहार थांबवायचे. एकदा या वादात जेवणाची सुट्टी संपली तरी कुणी उठेना, तेव्हा काकूनंच तोडगा काढला. दोन रिकामी घमेली मांडली. म्हणाली, "भांडू नका. हितं खडीला तोटा न्हाई. जिला वाटतं बाईनं सांगावं तिनं या घमेल्यात खडा टाका. जिला वाटतं गप बसावं तिनं त्या घमेल्यात. गडीमानसांनी बी टाका. व्हऊन जाऊ दे निवाडा."

तेव्हापासून दर सोमवारी निवाडा. श्रुतिका संपली की रांग लागायची, ठण ठण ठण खडे पडायचे. 'सांगावं'चं घमेलं भरून जायचं. त्यात पहिला खडा पडायचा भाऊजींचा, कारण ते ट्रान्झिस्टरजवळ असायचे. हसत टाकायचे. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, त्या टाकायच्या. माझा नवरा टाकायचा. मी टाकायचे, आणि मला आत कुठंतरी फार बरं वाटायचं. एवढी सगळी माणसं खऱ्याच्या बाजूची आहेत असं वाटायचं. मी सातवी शिकलेली, माहेरी पेपर वाचणारी. मला वाटलं, चांगल्या गावात पडले मी.

दुसऱ्या घमेल्यात दर सोमवारी एकच खडा असायचा. एकच. कोण टाकतं ते कळायचं नाही, गर्दीत कोण बघतं. गिरजाकाकू तो उचलून सगळ्यांना दाखवायची आणि म्हणायची, "ह्यो कुणाचा गं भित्रा खडा?" आणि सगळे हसायचे. मी पण हसले आहे.

चैत्र सरता सरता सुकडीची मूठ लहान झाली. आधी वरची चिमूट गेली, मग मूठ सैल झाली, मग पोरांना अर्धी मूठ. बाया कुरकुरायला लागल्या. मुकादम म्हणाला, पोती तर पूर्वीएवढीच येतात, मग जातात कुठं ते वाटणारीला विचारा. झालं, चंद्रामावशीच्या लुगड्याकडं सगळ्यांचे डोळे लागले. तिची झोपडी दोनदा बघून झाली. तिथं काय होतं, एक डेरा आणि एक फाटकी वाकळ. तरी कुजबुज थांबेना. एक दिवस गिरजाकाकू मूठ घेताना म्हणाली, "पदरात किती बांधली गं आज?" मावशीनं पदर झटकून दाखवला. तो झटकलेला पदर मला अजून दिसतो. मुकादमानं जाहीर केलं की बुधवारी साहेब येणार, चौकशी होणार आणि बाई कामावरून जाणार.

त्याच्या आधीच्या शनिवारी मला ताप भरला होता. दुपारीच घरी आले. पाटी शोधायला रिकाम्या गोठ्यात गेले, तर तो वास आला. गूळ, भाजलं पीठ. कोपऱ्यात कडब्याच्या चार पेंढ्या शिल्लक होत्या, त्या सरकवल्या तर मागं सुकडीची दोन पोती. तोंड शिवलेली. तिसरं अर्धं. पोत्यांच्या खोलीची किल्ली मुकादमाकडं असायची, तेव्हा यात तोही होता.

मला धक्का बसला म्हणून मी लिहिणार नाही. खोटं होईल ते. कारण गेले पंधरा दिवस आमच्या घरी आत्याबाई रोज संध्याकाळी वाटीभर सुकडी कालवून आमच्या पुढ्यात ठेवत होत्या, आणि मी ती खात होते. कुठून आली असं मी एकदाही विचारलं नव्हतं. भूक असली की माणूस वासाला ओळख दाखवत नाही.

मागं वळले तर दारात भाऊजी. ते म्हणाले, "वहिनी, तुमाला ताप हाय. जाऊन पडा. तापात मानसाला कायबाय दिसतं."

"आणि चंद्रामावशी?"

"तिला काय कमी हाय? एकटं मानूस. कुटं बी भागंल तिचं."

मी जाऊन पडले. रविवार पडून काढला. छताच्या वाशांकडं बघत मी त्या श्रुतिकेतल्या बाईला पहिल्यांदा ओळखलं. ती खिडकीशी का उभी राहते ते कळलं. उसासे टाकायला नव्हे, बाहेर जायला दार नसतं म्हणून. ज्या घरात सांगायचं त्याच घरात परत जेवायला बसायचं असतं.

सोमवारी श्रुतिकेचा शेवटचा भाग होता. ताप अंगात होता तरी कामावर गेले. भाऊजींनी एरियल फिरवलं, हात वर केला. कोर्टात वहिनी उभी राहिली आणि तिनं दिराकडं बोट दाखवून सगळं सांगितलं. गडी सुटला. बायांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यांनी खडी फोडायच्या हातोड्या दगडावर आपटल्या. गिरजाकाकूच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "अशी पायजे बाई. अशीच्या पायाचं तीर्थ घ्यावं." भाऊजी पण मान डोलावत होते. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले, तिथं काहीच नव्हतं. ते गोठ्यातले दत्तू वेगळे आणि बाभळीखालचे वेगळे, आणि दोघांची गाठभेट कधी झालेलीच नव्हती.

आणि मग संगीत वाजलं, आणि श्रुतिका संपली. वहिनी कोर्टाच्या पायऱ्या उतरून कुठं गेली, तिला कुणी घरात घेतलं का, तिच्या ताटात कुणी वाढलं का, यातलं काही नाही. त्या लिहिणाऱ्यावर माझा राग आहे. आजच्या मालिका लिहिणाऱ्यांवर पण आहे. बाईनं तोंड उघडलं की यांची शाई संपते.

तर बुधवारी साहेब आले. जीप, डोळ्यांवर गॉगल, हातात कागद. बाभळीखालीच खुर्ची टाकली, ट्रान्झिस्टर टांगायच्या फांदीच्या खाली. चंद्रामावशीला पुढं उभं केलं. मुकादम बोलला. साहेबांनी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

मी त्या माणसांकडं बघितलं. ज्यांचे खडे मी स्वतः मोजायला मदत केली होती, ती शंभर तोंडं. मला खरंच वाटत होतं की ही सगळी माझ्या मागं उभी आहेत. दर सोमवारी त्यांनी मला तसं वचन दिलं होतं, स्वतःच्या हातानं, ठण ठण वाजवून. मी पुढं झाले आणि म्हणाले, "पोती आमच्या गोठ्यात आहेत. दत्तू भाऊजींनी आणि मुकादमानं आणली. मावशीनं काही नाही केलं."

एवढंच. तीन वाक्यं. कुणी टाळी वाजवली नाही.

साहेबांनी माणसं पाठवली. पोती निघाली. मुकादम त्याच दिवशी कामावरून गेला. त्याचं नाव घेत नाही, त्याची नातवंडं आता भली माणसं आहेत. भाऊजींना कर्जतला नेलं, दोन दिवस ठेवलं आणि सोडलं. पण त्यांची सोयरीक जमत आली होती, ती मोडली. चंद्रामावशीचं काम राहिलं.

गुरुवारी मी कामावर गेले. घमेलं भरून घेतलं, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "हात लाव गं."

कुणी आलं नाही.

मला वाटलं ऐकू गेलं नसेल. परत म्हणाले. माझ्या अंगाला लागून दोघी गेल्या, एकमेकींच्या घमेल्याला हात लावून. गिरजाकाकू चार हातांवर उभी होती, पदरानं मान पुसत. मी तिला म्हणाले, "काकू, लावता का?" तिनं ओढ्याकडं बघितलं. ओढ्यात बघण्यासारखं काही नव्हतं, वाळू होती.

मी गुडघ्यावर घमेलं टेकवून उचलायला बघितलं. पायावर पडलं. मग अर्धं भरून एकटीनं नेलं, तर नवा मुकादम ओरडला, अर्ध्या घमेल्याचं काम चालणार नाही. रस्त्याच्या पलीकडं माझा नवरा पहार घेऊन उभा होता. त्यानं बघितलं. मग त्यानं पहार उचलली आणि खाली मारली. चांगला माणूस होता, पुढं पंचेचाळीस वर्षं आम्ही संसार केला, त्यानं माझ्यावर कधी हात उगारला नाही. पण ती पहार मी त्याला माफ केली नाही. त्याला ते माहीत होतं.

दुपारी मी गिरजाकाकूपुढं जाऊन उभी राहिले. मला राग आवरत नाही, तेव्हाही आवरत नव्हता. "काकू, तुम्हीच म्हणत होता ना, भर चौकात ओरडून सांगितलं असतं? पायाचं तीर्थ घ्यावं म्हणालात. सोमवारची गोष्ट आहे, वर्षापूर्वीची नाही."

काकू सुकडी चावत होती. चावून झालं, गिळून झालं, मग म्हणाली, "ती गोष्ट येगळी, विमल. ती रेडिओतली बाई. तू घरातली सून हायेस. घरचं उंबऱ्याच्या भाईर काडतात का?"

"आणि मावशी उपाशी मेली असती तर?"

"आता सगळ्यांना ठावं हुतंच की पोती कुटं हायेत ते," काकू म्हणाली. "तू काय नवीन सांगितलंस?"

सगळ्यांना ठावं होतं. गावातल्या निम्म्या घरांच्या डब्यांत भाऊजींनी गुपचूप वाटलेली ती सुकडी होती, काकूच्या सुद्धा. दर सोमवारी शंभर खडे टाकताना प्रत्येकाला ठावं होतं. चंद्रामावशीला पदर झटकायला लावला, तेव्हाही काकूला ठावं होतं. आणि मी शनिवार ते बुधवार छातीवर धोंडा घेऊन झोपले, की हे फक्त मला एकटीला कळलंय.

घरी आत्याबाईंनी माझं ताट वेगळं केलं. भांडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत, फक्त भाकरी चुलीपाशी ठेवून उठून जायच्या. आमच्या यांनी एका दुपारी विचारल्यासारखं केलं, "मला आदी सांगायचं हुतंस. मी बघितलं असतं." काय बघितलं असतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

चार दिवस मी अर्धी घमेली नेली आणि अर्धी मजुरी घेतली. पाचव्या दिवशी, वाटप उरकल्यावर, चंद्रामावशी आली. गुडघे धरत, थांबत थांबत, सगळ्यांच्या देखत रस्त्याच्या मधोमध आली आणि माझ्या भरलेल्या घमेल्याला तिनं हात लावला. तिच्यात जोर नव्हता. तिच्या बाजूनं घमेलं कलत होतं, मुरूम माझ्या मानेवर सांडत होता. तरी चढलं डोक्यावर.

"मावशी, तुझे गुडघे."

"असू दे. मी यायला चार दिस लावले. भ्याले हुते." मग जरा दम खाऊन म्हणाली, "इमल, तो एक खडा माझा हुता."

मला आधी कळलंच नाही. डोक्यावर मणाचं ओझं, ऊन, आणि ही खड्याचं काय बोलतेय.

"गप बसावं म्हनून मी टाकायची. मी नवी नवरी हुते तवा आमच्या माहेरी भावकीतल्या एकानं दुसऱ्याची कडब्याची गंजी पेटवली. मी बगितलं, मी सांगितलं. तवापासून माजं म्हायार तुटलं. भाऊ मेला तरी मला निरोप न्हाई. सांगनारीचं पुढं काय व्हतं ते मला ठावं हाय, म्हनून म्या त्या रेडिओतल्या बाईला कदी सांग म्हनले न्हाई. आन तुला बी म्हनले न्हाई. तू सोमवारी कामावर आलीस तवाच मला कळलं हुतं तुज्या तोंडावरून. माजं पोट जानार हुतं तरी म्हनले न्हाई."

मी ओझं घेऊन तशीच उभी राहिले. शंभर जणांत ज्या एका बाईचं माझ्या सांगण्यावर पोट होतं, तिनं एकटीनं माझ्यावर सांगायची सक्ती केली नव्हती. बाकी सगळे फुकटचे शूर. त्यांचं काही जाणार नव्हतं.

"चल आता," मावशी म्हणाली. "मान मोडंल."

त्यानंतर कामं बंद होईपर्यंत, म्हणजे पाऊस लागेपर्यंत, माझ्या घमेल्याला तिचाच हात होता. दिवसाला वाटपाच्या आधी दहा वेळा, नंतर दहा वेळा. बाकीच्या बाया पुढं हळूहळू बोलायला लागल्या, जावळ, बारसं, हळदीकुंकू सगळं परत सुरू झालं. भाऊजींचं पण पुढच्या सालात दुसरीकडं लग्न जमलं, मी त्यात थोरली वहिनी म्हणून मिरवले. मावशी त्याच्या आधीच गेली. तिच्या मयताला माहेरचं कुणी आलं नाही. गिरजाकाकू मात्र मोठ्यानं रडली.

मला कुणी विचारलं, परत तशी वेळ आली तर सांगशील का, तर सांगेन. त्यात मला आजही शंका नाही. पण टीव्हीतल्या कुठल्या बाईला मी "सांग की गं" असं ओरडणार नाही. तो अधिकार ज्याला-त्याला नसतो. उद्या ती बाई सांगून दमून परत आली तर जो तिच्या शेजारी उभा राहणार आहे त्यानं ओरडावं, बाकीच्यांनी कैऱ्या चिराव्यात. हे मी एकदा सुनेला बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "आई, मालिका आहे ती, एवढं काय मनाला लावून घेता?" मनाला लावून घ्यायचं नाही तर शिव्या कशाला घालता, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण लोणच्याचं मीठ मोजायचं होतं.

काल त्या मालिकेत बाईनं तोंड उघडलं. पोलीस ठाण्यात जाऊन तिनं नवऱ्याचा शर्ट टेबलावर ठेवला. ड्रायव्हर सुटला. आमच्या खोलीत सुनेनं "सुटलो बाई एकदाचे" म्हटलं, रेवानं हात उंचावला. बाई ठाण्याच्या पायऱ्या उतरायला लागली, आणि संगीत वाजलं, आणि नावं वर सरकायला लागली. माझी खात्रीच होती.

"शाब्बास," भाऊजी भिंतीकडं तोंड करून म्हणाले. "पर लई उशीर केला. आदीच सांगायला पाहिजे हुतं तिनं."

पन्नास वर्षं आम्ही दोघं त्या गोष्टीवर एक अक्षर बोललो नव्हतो. एकत्र जेवलो, एकमेकांची पोरं खेळवली, यांच्या तेराव्याला ते माझ्या शेजारी बसले. मी काल पण बोलणार नव्हते. पण खोलीत कैरीचा वास येत होता आणि मला तो गुळाचा येत होता.

"भाऊजी," मी म्हणाले, "आता हिच्या घमेल्याला हात कोण लावणार?"

रेवानं मोबाईलवरून मान वर केली. "कसलं घमेलं, आजी?" सुनेची सुरी थांबली. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. भाऊजींचा हात चहाच्या कपाकडं चालला होता, तो मधेच थांबला. काळ्या चष्म्यामागं डोळे कुठं बघत होते ते दिसत नव्हतं. पण तो थांबलेला हात बघून मला कळलं, की त्यांना सगळं आठवतंय. बाभूळ, पोती, मी, मावशी, सगळं.

"ती गोष्ट वेगळी हुती, वहिनी," ते म्हणाले.

मग त्यांनी कप उचलला आणि रेवाला सांगितलं, "पुढची लागली का गं? आवाज वाढव जरा."